रनवे २५, इंदूर: एक्स-प्लेन १२ घ्यावं की मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर?

ओळखीतल्या मंडळींकडून हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. कुणाच्या मुलाला बारावीनंतर पायलट व्हायचंय, कुणी निवृत्त झालंय आणि विमानाची हौस राहून गेलीय. कॉम्प्युटर चांगला घेतलाय, आता सिम्युलेटर, म्हणजे घरबसल्या विमान उडवायचा प्रोग्रॅम, कोणता? दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही मी मनापासून उडवतो. तरुणपणी इथल्याच इंदूरच्या विमानतळावर सेसना या छोट्या शिकाऊ विमानाच्या डाव्या सीटवर बसून थोडंफार शिकलो होतो. हाताला त्याची आठवण आहे आणि तुलना त्या आठवणीशीच करतोय. माझ्याकडे मोजमापाची यंत्रं नाहीत, तेव्हा हे एका माणसाचं मत समजा.

ग्राफिक्स कार्ड, रॅम, किंमत हे तुम्ही पाहिलं असेलच, त्यात शिरत नाही.

आधी मायक्रोसॉफ्टबद्दल, कारण पहिल्या भेटीत माणूस त्याच्याच प्रेमात पडतो आणि त्यात काही चूक नाही. १९८२ पासूनचं हे नाव. मधली काही वर्षं बंद पडलं होतं, मग फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने ते २०२० मध्ये नव्याने उभं केलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढची आवृत्ती आणली. जमीन उपग्रहाच्या आणि विमानातून घेतलेल्या फोटोंची. इंदूरहून दक्षिणेला निघा. महू मागे पडतं, पाताळपाणीची दरी दिसते आणि मग माळव्याचं पठार एकदम संपतं. खाली निमाड, पुढे नर्मदा. महेश्वरपर्यंत सेसनाने अर्धा तासही लागत नाही. पठाराची ती कड आणि तिच्यावर अडलेले जुलैचे ढग ज्या तऱ्हेने दिसतात, तसं घरच्या पडद्यावर मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. ढगांना खरोखरची जाडी आहे, त्यांच्यात शिरलं की उजेड बदलतो. खिडकीतून बाहेर बघणं हाच तुमच्या लेखी खरेपणा असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. हेच घ्या, समाधान होईल.

एक्स-प्लेनमध्ये तीच जमीन साधी आहे. रस्ते, नद्या, रेल्वे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावरून आखलेले, म्हणून जागच्या जागी असतात. पण शेतं आणि घरं ठरावीक नमुन्यांतून भरलेली. यशवंत सागर तलावाचा आकार ओळखू येतो, काठावरचं गाव मात्र आपलं वाटत नाही. उपग्रहाचे फोटो वेगळे बसवता येतात, त्यासाठी ऑर्थोफोरएक्सपी नावाचं मोफत साधन आहे. ते चालवायला चिकाटी लागते आणि डिस्कवर भरपूर जागा.

मग एक्स-प्लेन कशासाठी? हातासाठी.

अमेरिकेतल्या ऑस्टिन मेयर यांनी ते नव्वदच्या दशकात लिहायला घेतलं, तेव्हापासून त्याचा पाया एकच आहे. पंख, शेपटी, प्रोपेलर यांचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर हवा किती वेगाने आणि कोणत्या कोनातून येते ते पाहायचं, त्यावरून बळ काढायचं, आणि सेकंदाला अनेकदा हे सगळं पुन्हा करायचं. जुन्या सिम्युलेटरांत बरंचसं उत्तर आधी भरलेल्या तक्त्यांतून येत असे. मायक्रोसॉफ्टनेही २०२० पासून ती जुनी पद्धत मागे टाकलीय, तिथेही आता विमानाच्या पृष्ठभागावर जागोजागी हवेचा हिशोब होतो. त्यामुळे एक खरं आणि दुसरं खेळणं असं कुणी म्हणालं तर मानू नका.

हे आपल्या गावातच तपासता येतं. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,८५० फुटांवर. एवढ्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात. मे महिन्यातल्या दुपारी ४२ अंश असले तर ३१ अंश जास्त झाले. जास्तीच्या दर अंशामागे सुमारे १२० फूट खऱ्या उंचीत मिळवले की विमानाच्या लेखी आपण साडेपाच हजार फुटांवर उभे असतो. पंखाला आणि इंजिनाला मिळणारी हवा तेवढी विरळ. सिम्युलेटरमध्ये तापमान हाताने ४२ करा, सेसना १७२ मध्ये पूर्ण इंधन भरा, चार माणसं नव्हे पण तीन तरी बसवा आणि उडा. धाव लांबते, चढण मंदावते, मिक्स्चर लीन करून, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी करून, घ्यावं लागतं. दोन्हींत हे उतरतं आणि दोन्हींत पटतं. या परीक्षेत मी डावं-उजवं करणार नाही.

फरक मला जाणवतो तो उतरताना, शेवटच्या दोनशे फुटांत, आणि तोही वारा बाजूने असेल तेव्हा. रनवे २५ म्हणजे तोंड साधारण २५० अंशांना. वारा ३१० वरून १२ नॉट (ताशी सागरी मैल) ठेवा. साठ अंशांचा फरक पडतो, म्हणजे बाजूचा वारा दहा नॉटच्या आसपास. सेसना १७२ च्या पुस्तकात १५ नॉटपर्यंतचा दाखला आहे, तेव्हा हे शिकाऊ हाताच्या आवाक्यातलं. ६५ नॉटवर उतरत यायचं, वाऱ्याकडचा उजवा पंख किंचित खाली, डावा रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू) दाबून नाक रनवेच्या रेषेत, आणि उजवं चाक आधी टेकवायचं. एक्स-प्लेनमध्ये रडर थोडा सोडला की नाक वाऱ्याकडे वळायला लागतं, आणि ज्या गतीने वळतं ती माझ्या पायाला ओळखीची आहे. मायक्रोसॉफ्टमध्येही नाक वळतं. पण मला तिथे पायापेक्षा डोळ्यांनी जास्त उडवल्यासारखं होतं. हे पटवून देणं कठीण आहे, आणि रोज उडवणाऱ्या एखाद्या पायलटचं मत याच्या उलटही असू शकेल.

एवढ्यावरच असतं तर मी दोन्ही आलटून पालटून वापरत राहिलो असतो. निकाल लागला तो नेटमुळे.

मायक्रोसॉफ्टमधली ती सुंदर जमीन तुमच्या डिस्कवर नसते. तुम्ही जिथे उडताय तिथली ती नेटवरून येत राहते. २०२० च्या आवृत्तीत ठरावीक प्रदेश आधी उतरवून ठेवायची सोय होती. २०२४ मध्ये घरच्या डिस्कवरचा भार कमी करून आणखी बरंच काही नेटवर नेलंय, अगदी विमानंसुद्धा. कल्पना म्हणून ती मला आवडते, सगळी पृथ्वी घरच्या डिस्कवर मावणार नाहीच. पण आमच्या गल्लीत संध्याकाळी आठनंतर घरोघरी मालिका आणि क्रिकेट सुरू होतं, नेमकं तेव्हाच नेट रेंगाळतं. पावसाची सर आली की उरलंसुरलंही जातं. ज्यांचं कनेक्शन घेतलंय त्यांना फोन करून झाले, माणूस येऊन वायर बदलून गेला, चार दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच.

आणि मला वेळ मिळतो तो त्याच तासात. शहराच्या उत्तर अंगावरून फायनलला, म्हणजे रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्याला, येतो, डावीकडे राजवाड्याच्या बाजूचं दाट शहर, उजवीकडे सुपर कॉरिडॉरचा रुंद रस्ता, वेग जमलाय, ट्रिम (हातावर जोर न येता विमान स्थिर ठेवणारी जुळणी) जमलाय, आणि खालची जमीन चष्मा काढल्यासारखी पुसट होते.

दिसणं तेवढं बिघडलं, उडणं तर तेच आहे ना, असं कुणी म्हणेल. तसं नाही. शेवटच्या पन्नास फुटांत पायलट उंचीमापकाकडे बघत नाही. नजर रनवेच्या पार टोकाला असते, आणि जमीन किती जवळ आली हे डोळ्यांच्या कडांना कळतं. गवत, दिवे, कुंपण, घरांची उंची कडेने वर सरकते, त्यावरून हात योक (विमानाचं हँडल) मागे घ्यायला लागतो. त्या कडाच पुसट झाल्या तर फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक अलगद उचलणं, अंदाजाने करावा लागतो. शिकणाऱ्यासाठी हे जास्त वाईट. विमान आदळलं तर आपण योक उशिरा ओढला की जमीन उशिरा दिसली, हे त्याला कळणार नाही आणि सुधारायचं काय तेही समजणार नाही.

एक्स-प्लेनची जमीन साधी असली तरी ती डिस्कवर आहे. हवे ते खंड निवडून एकदा उतरवून घ्यायचे. मग रात्री आठला, भर पावसात, नेट असो नसो, रनवेच्या वाटेवरच्या बाणगंगा वस्तीकडची घरं कालच्यासारखीच कडेने वर सरकतात. नेट नसताना फक्त त्या वेळचं खरं हवामान मिळत नाही, पण वारा आणि तापमान हाताने भरता येतं. सरावासाठी तेच बरं, रोज तोच वारा लावून उतरता येतं. सध्या माझा कल इकडे आहे तो यामुळे.

मात्र कॉम्प्युटर अगदीच दमेकरी असू नये. सेकंदाला वीसच्या आसपास चित्रंही निघेनात की एक्स-प्लेन हिशोब चुकू नये म्हणून आतलं घड्याळच हळू करतं. विमान तरंगत असल्यासारखं वाटतं आणि सवय बिघडते. अशा वेळी ढग आणि सावल्या कमी करा.

तुमच्याकडे भरवशाचं फायबर असेल, किंवा सकाळी लवकर बसत असाल, तर माझी अडचण तुम्हाला येणारही नाही आणि पारडं मायक्रोसॉफ्टकडे झुकू शकेल. मुलाला एअरलाइनच्या कॉकपिटचीच ओढ असेल तरीही. एअरबस ए३२० या प्रवासी विमानासाठी फ्लायबायवायर या गटाचं मोफत विमान मायक्रोसॉफ्टमध्येच चालतं आणि ते फार निष्ठेने बनवलेलं आहे. एक्स-प्लेनच्या बाजूला त्याच तोडीचं झिबो यांचं मोफत बोईंग ७३७ आहे, पण इंदूरहून मुंबईला जाताना आपण बहुधा ए३२० मध्येच बसतो, आणि मुलांना तेच हवं असतं. जुना लॅपटॉप असेल आणि खर्च करायचा नसेल तर फ्लाइटगिअर हे तिसरं सिम्युलेटर पूर्ण मोफत आहे. सर्किट (विमानतळाभोवतीची फेरी) आणि रेडिओ नेव्हिगेशन (रेडिओच्या खुणांवरून वाट काढणं) शिकायला पुरतं.

पायलट होऊ पाहणाऱ्यांच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट. घरच्या सिम्युलेटरवरचे तास लॉगबुकात, म्हणजे पायलटच्या उड्डाणांच्या नोंदवहीत, धरले जात नाहीत. कमर्शियल लायसन्सला लागणारे २०० तास फ्लाइंग स्कूलमध्येच होतात. घरी होतो तो चेकलिस्टचा, रेडिओवरच्या बोलण्याचा आणि पायाचा सराव. म्हणून महागडं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी रडर पेडल घ्या. नुसत्या जॉयस्टिकची मूठ पिळून रडर दिला तर पायाला काहीच शिकायला मिळत नाही.

एक्स-प्लेनचा डेमो मोफत मिळतो. त्यात इंदूर नसेल, पण वारा तुमच्या हातात आहे. समोरचा रनवे ज्या दिशेला असेल तिच्यापासून साठ अंश हटवून १२ नॉट लावा आणि उतरून बघा. मग मित्राकडे मायक्रोसॉफ्टवर तेच करा, शक्यतो रात्री आठनंतर.