संस्कृत शिकायचंय: आधी संभाषण की आधी रूपं?

मोठेपणी संस्कृतकडे वळणाऱ्यापुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे दहा दिवसांचं संभाषण शिबिर, रोज दोन तास. दुसरी म्हणजे जाणत्या माणसापुढे बसून शब्दरूपावली, धातुरूपावली (नामांच्या आणि क्रियापदांच्या रूपांचे तक्ते) आणि भांडारकरांचं मार्गोपदेशिका हे व्याकरणाचं पाठ्यपुस्तक. मी आधी शिबिर केलं, मग दीड वर्ष व्याकरणाच्या वर्गाला गेलो.

शिबिराने मला जे दिलं ते विसरणार नाही. आठवी ते दहावी 'देवः देवौ देवाः' घोकलं, मार्कही भरपूर पडले, पण तोंडून स्वतःचं एक वाक्य कधी निघालं नव्हतं. शिबिरात पहिल्याच संध्याकाळी मी माझं नाव, गाव, काम सांगितलं. शब्द निम्मे ओळखीचे, मराठीतलेच. भीती गेली ती कायमची.

पण मला बोलण्यापेक्षा गीता वाचायची होती, आणि तिथे गाडी अडली.

शिबिरात भूतकाळ 'गतवान्' (गेला), 'कृतवन्तः' (त्यांनी केलं) यांवर भागवतात. समोरच्याला 'भवान्' (आपण) म्हणतात, म्हणजे क्रियापद तृतीय पुरुषातलं चालतं आणि 'गच्छसि' (तू जातोस) शिकायची गरज पडत नाही. बोलायला सुरुवात करणाऱ्यासाठी ही सोय उत्तमच आहे. मी मात्र गीता उघडली आणि पहिल्याच श्लोकात 'किमकुर्वत सञ्जय'. 'कृतवन्तः' मला येत होतं, त्याच अर्थाचं 'अकुर्वत' कुठून आलं ते कळेना. दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो, 'अशोच्यानन्वशोचस्त्वं प्रज्ञावादांश्च भाषसे'. इथे 'भवान्' नाही, 'त्वम्' आहे. भूतकाळ लङ् लकारातला आहे, म्हणजे धातूच्याच भूतकाळी रूपांतला. आणि सगळे शब्द संधीने एकमेकांत अडकलेले. भाषांतर शेजारी ठेवून अर्थ कळायचा, पण कोणत्या शब्दाने तो दिला हे बोट ठेवून सांगता येत नव्हतं. महिनाभर हेच चाललं. त्या काळात मी दोनदा पुस्तक मिटून ठेवून दिलं.

पुढे वर्गातल्या बाईंनी तोच श्लोक फळ्यावर फोडला: अशोच्यान्, अनु, अशोचः, त्वम्. 'अशोचः'मधला सुरुवातीचा 'अ' भूतकाळाचा, शेवटचा विसर्ग 'तू'चा. पाच मिनिटांचं काम, पण त्यासाठी लङ् आधी पाठ असावा लागतो.

व्याकरणाची वाट रुक्ष आहे, हे खोटं नाही. एका नामाची संबोधन धरून चोवीस रूपं, आणि अकारान्त संपलं की इकारान्त हजर. आमच्या वर्गात चौदा जण होतो, दिवाळीनंतर सहा उरले. ज्यांना मुलांबरोबर घरात चार वाक्यं बोलायची आहेत, त्यांनी बहुधा शिबिरच करावं. त्यांना रूपावलीत बसवणं अन्यायाचं होईल. माझा अनुभव एकट्याचा आहे, आणि शिबिरानंतर नेटाने पुढचे वर्ग करून वाचायला लागलेले लोकही मी पाहिलेत. मला पुन्हा निवडायचं झालं तर पहिले सहा महिने मी रूपांना देईन आणि शिबिर मग सुट्टीत करीन.

कुठेही नाव घालण्याआधी एवढं मात्र विचारा: संधी सोडवायला कधीपासून शिकवता?