सिल्व्हरवाली हायड्रोफायबर ड्रेसिंग, शुगरच्या जखमेसाठी : ५ पैकी ४ स्टार

बाबांच्या तळपायाच्या जखमेला ही वापरतोय, आणि सरळच सांगते, पट्टी खरंच चांगली आहे, पण जखम साफ न करता नुसती वरून चिकटवणार असाल तर घेऊ नका, पैसे वाया जातील.

मेडिकलवाला एवढंच सांगतो की चांदी आहे, जंतू मरतात. बरोबर आहे ते, पण अर्धंच. आमच्याकडे गॉज काढला की हिरवट निघायचा आणि एक विचित्र गोडसर, द्राक्षासारखा वास यायचा. कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखतात त्या तपासणीत, स्यूडोमोनास नावाचा जंतू आला, सोबत स्टॅफ ऑरियस हा दुसरा. तो हिरवट रंग स्यूडोमोनासचाच असतो, त्यातलं निळं द्रव्य म्हणजे पायोसायनिन. १८८२ मध्ये गेसार नावाच्या फ्रेंच फार्मासिस्टने जखमेच्या पट्ट्या निळ्या-हिरव्या का होतात हेच शोधताना हा जंतू वेगळा काढला होता! आणि हे पायोसायनिन नुसतं रंगवत नाही, नवीन मांस तयार करणाऱ्या ज्या फायब्रोब्लास्ट पेशी असतात त्यांना अकाली म्हातारं करतं, म्हणजे त्या जिवंत असतात पण वाढत नाहीत. वर हाच जंतू इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतो, ते इलास्टिन, कोलॅजन सगळं तोडत बसतं. शिवाय बारीक सुईसारख्या नळीतून तो आपल्या पेशीत थेट विष टोचतो, त्यातल्या काही विषांनी पेशीचा आतला सांगाडा ढासळतो, मग कडेची कातडी आत सरकून जखम झाकणार कशी? स्टॅफचं वेगळंच, त्याच्या अल्फा टॉक्सिनचे सात रेणू गोल जमून पेशीला भोक पाडतात आणि कातडीच्या पेशी एकमेकींना धरून असतात ती पकडही सुटते. बाबांची शुगर कंट्रोलमध्ये येऊनही जखमेची कड तशीच का राहिली होती ते हे वाचल्यावर मला कळलं.

आता पट्टीचं. ओल शोषली की तिचं जेल होतं, स्राव आणि त्यातले जंतू आत अडकतात आणि तिथे चांदी त्यांना मारते. काढताना गॉजसारखी ओढली जात नाही, नवीन आलेलं मांस उचकटत नाही, बाबांचा आरडाओरडा पूर्ण बंद झालाय आणि माझ्यासाठी याचेच दोन स्टार आहेत. पण आधीच सुटलेलं विष चांदी परत घेत नाही, आणि जंतूंनी स्वतःभोवती चिकट थर म्हणजे बायोफिल्म केलेला असेल तर चांदी खालपर्यंत नीट पोचतच नाही. म्हणून आमचे सर्जन आधी खरवडून घेतात आणि लगेच ही लावतात, कारण तो थर दोन-तीन दिवसांत पुन्हा जमू शकतो, तेवढ्यात चांदीला चान्स मिळतो. असं सुरू केल्यावर हिरवेपणा गेला, वास गेला, आता जखमेचा तळ निरोगी लालबुंद दिसतोय. अर्थात पायावर भार न देणं आणि अँटिबायोटिक पण सोबत होतंच, सगळं श्रेय पट्टीला देणार नाही.

एक स्टार कापला तो किमतीसाठी. साध्या गॉजच्या मानाने फारच महाग आहे, आणि लोक महिनोन्महिने लावत बसतात. साधारण दोन आठवडे लावून बघायची आणि मग डॉक्टरांनी ठरवायचं, चालू ठेवायची का साध्या पट्टीवर यायचं.

कोरड्या जखमेला घेऊ नका, ओलच नाही तर जेल कशाचं होणार, चिकटून बसेल. एमआरआय असेल तर चांदीची पट्टी आहे हे तिथे आधी सांगा. पट्टी करडी पडली तर घाबरू नका, तो चांदीचा रंग. पण ताप आला, लाली पसरायला लागली किंवा बोट काळं पडतंय असं वाटलं तर पट्टी बदलत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि साइज घेताना जखमेच्या कडेबाहेर सगळीकडून निदान एक सेंटीमीटर येईल अशी घ्या.