पाच रंगांचा चाफा मागवला, पाचही पांढरे निघाले

चाफ्याच्या फांद्या ऑनलाइन मागवणार असाल तर आधी हे वाचा. माझे १७५० रुपये गेले त्याचं दुःख कमी आहे, दोन वर्षं गेली त्याचं जास्त.

२०२२ च्या मार्चमध्ये मोबाइलवर जाहिरात दिसली. लाल, गुलाबी, केशरी, निळा आणि सिंगापूर पांढरा, फूटभर लांबीच्या पाच फांद्या. आईला लाल चाफा हवा होता, म्हणून फोन केला. ‘ताई, सगळं आमच्याच बागेतलं,’ विकणारा म्हणाला. पैसे आधीच घेतले. पार्सलमध्ये प्रत्येक फांदीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी होती.

लावताना मी काही चुकवलं नाही. चाफ्याला चीक असतो, ताजी फांदी लगेच मातीत खोचली तर बुड सडतं. म्हणून आठ-दहा दिवस सावलीत वाळवल्या, वाळू जास्त घालून कुंड्या भरल्या, पाणी अगदी बेताचं. पानं फुटली तरी उपटून पाहिलं नाही, कारण मुळं धरायच्या आधीही फांदीतल्या साठ्यावर पानं येतात. पाचही जगल्या.

पानं मोठी झाली तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. सिंगापूर चाफ्याच्या पानाचं टोक गोल असतं, माझ्याकडे पाचही कुंड्यांत पानं टोकदार. विचारलं तर म्हणाला, ‘फुलं येऊ द्या, मग बोलू.’ त्याचा सगळा धंदा याच वाक्यावर चालतो. फूल यायला एक-दोन वर्षं सहज जातात, तोवर कोण कुठे शोधणार?

२०२४ च्या मे महिन्यात पहिलं फूल आलं. पांढरं, मध्ये पिवळं, देवळाच्या आवारात असतं तसंच. मग उरलेल्या चारही तशाच फुलल्या. फांदीतून वाढलेलं झाड मूळ झाडासारखंच फुलतं, म्हणजे कापणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. फोन बंद. निळा चाफा तर नसतोच, तो फोटोच रंगवलेला.

मागवायचंच असेल तर बहरात मागवा. फुललेलं झाड आणि त्याचीच फांदी कापताना, असा सलग व्हिडिओ मागा; टाळाटाळ केली तर पैसे पाठवू नका. फसलात तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. मी दोन वर्षांनी जागी झाले, तोवर पैसे पाठवल्याचा पुरावाही जुन्या फोनबरोबर गेला होता.

पलीकडच्या गल्लीतल्या आजींकडे लाल चाफा आहे. यंदा तो फुललेला पाहून मी फांदी मागितली, त्यांनी स्वतः कापून दिली. ती सध्या जिन्याखाली सावलीत वाळतेय. आई रोज बुडाचा चीक सुकला का बघते.