बॅटरी ट्युब्युलर, बटण फ्लॅटवर: नागपुरात इन्व्हर्टरचे अकरा महिने

फेब्रुवारीच्या शेवटी घेतलेला इन्व्हर्टर आता अकरा महिन्यांचा झाला. म्हणजे त्यानं आमचा नवतपाही (मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस) काढला आणि ही जानेवारीची थंडीही. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, चार दुकानं फिरलो होतो. सगळे व्हीए (मशीन किती लोड उचलतं) सांगतात, एएच (बॅटरीत किती मावतं) सांगतात, वॉरंटी सांगतात. मशीनच्या पाठीमागे जी दोन छोटी बटणं असतात त्यांच्याबद्दल एकानंही तोंड उघडलं नाही. माझा सगळा अनुभव त्या बटणांभोवतीच फिरला, म्हणून कंपनीचं नाव देत नाही; अशी बटणं बऱ्याच मशीनवर असतात.

आमच्याकडे 900 व्हीएचा साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि 12 व्होल्ट, 150 एएचची टॉल ट्युब्युलर (उंच, आतल्या पॉझिटिव्ह प्लेटा नळ्यांच्या) बॅटरी आहे. घर मानेवाड्याला, पहिल्या माळ्यावर. लोड म्हणजे तीन पंखे, चार-पाच एलईडी, राउटर. उन्हाळ्यात दोन पंखे बंद करून त्याजागी हॉलचा कूलर.

पहिलं बटण यूपीएस आणि नॉर्मलचं. फिटिंगवाल्यानं ते यूपीएसवर ठेवलं होतं, कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून. एप्रिलमध्ये संध्याकाळी सातनंतर मशीन टक-टक करू लागलं. लाइट आहे, शेजाऱ्यांचे कूलर सुरू आहेत, आणि आमचं घर मात्र बॅटरीवर! मीटर लावून पाहिलं तर लाइन 174 व्होल्ट. यूपीएस मोडमध्ये माझं मशीन 180च्या खाली लाइन घेतच नाही, बॅटरीवर उडी मारतं. नॉर्मल मोडमध्ये ते 100पर्यंत चालवून घेतं. म्हणजे रोज संध्याकाळी लाइट असतानाच बॅटरी खर्च होत होती, आणि रात्री खरंच लाइट गेली की तासाभरात बीप-बीप. बटण नॉर्मलवर केलं. राउटर आणि लॅपटॉपला काही फरक पडला नाही. मुलाचा जुना डेस्कटॉप मात्र लाइट गेली की रिस्टार्ट होतो. चालतंय.

दुसरं बटण बॅटरीच्या प्रकाराचं: फ्लॅट (सपाट प्लेटांची) की ट्युब्युलर. खरी शाळा इथं भरली.

बॅटरी ट्युब्युलर, तर बटणही ट्युब्युलरवर. सरळ हिशोब. टर्मिनलवर मीटर लावला तर माझं मशीन ट्युब्युलरवर 14.4 व्होल्टपर्यंत चार्ज करतं, फ्लॅटवर 14.0पर्यंत. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर. पण 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, आणि गरमी वाढली की प्रत्येक सेलला पूर्ण भरायला थोडा कमी व्होल्टेज पुरतो. अंगठ्याचा नियम म्हणजे दर अंशाला साधारण 4 मिलिव्होल्ट. मागच्या गॅलरीत, जिथं आमची बॅटरी ठेवली होती, मे महिन्यात दुपारी 42 अंश. 14.4चा हिशोब 27 अंश धरून केलेला; त्यापेक्षा हे 15 जास्त. 15 गुणिले 4 गुणिले 6, म्हणजे 0.36 व्होल्ट. 14.4मधून वजा करा, 14.04 उरतात. म्हणजे मे महिन्याच्या नागपुरात माझ्या ट्युब्युलर बॅटरीला फ्लॅटचं बटण शोभत होतं! महागड्या मशीनमध्ये तापमान बघून व्होल्टेज आपोआप कमी-जास्त करायची सोय असते. माझ्यात नाही.

हे सगळं मला आधी कळलं असतं तर काय पाहिजे होतं. कळलं ते वासावरून. मेच्या शेवटी गॅलरीचं दार उघडलं की नाकाला झोंबणारा अ‍ॅसिडचा वास. बॅटरी हाताला गरम, कान लावला तर आत बुडबुडे. पाण्याची पातळी दाखवणारे सहाही फ्लोट खाली, लाल खुणेला टेकलेले. नवी बॅटरी, तीन महिने झालेले, आणि दुकानदार म्हणाला होता पाण्याकडे सहा महिने बघू नका. बॅटरीवाला भाऊ आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, “बॅटरी चांगली हाय भाऊ, तुम्ही तिले रोज उकळून राह्यले.” गॅलरी पश्चिमेची, हे त्यानं मला सांगायला नको होतं, मलाच दिसायला पाहिजे होतं.

फसवणूक अशी की याच दिवसांत बॅकअप सगळ्यात चांगला मिळाला. कूलर, एक पंखा, दिवे मिळून 290 वॅटच्या आसपास, तरी पावणेतीन तास. गरमीत शिशाची बॅटरी जास्त जोर दाखवते आणि त्याच गरमीत तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. दर दहा अंशांना अर्धं, असं या धंद्यातले लोक धरतात. मी आपला खूश होतो.

बॅटरी जिन्याखाली हलवली. तिथं सावली आहे आणि जाळीतून हवाही येते, कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन कोंडून चालत नाही. बटण फ्लॅटवर. पूर्ण चार्ज झाल्यावर डिस्टिल वॉटर घातलं. आई आरओचं पाणी घेऊन उभी होती, “हेही तं शुद्धच असते.” त्यात क्षार उरतात, बॅटरीला ते चालत नाहीत, हे पटवायला चहा होईस्तोवर वेळ गेला. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत फ्लोट जेमतेम हलले.

मधे ऑगस्टमध्ये एक वेगळीच भानगड. पंख्यांवर अर्ध्या तासात लो-बॅटरीचा आवाज. मशीनच्या डिस्प्लेवर 11.1, आणि त्याच वेळी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर मीटर टेकवला तर 11.7. मधले 0.6 व्होल्ट गेले कुठं? पॉझिटिव्हच्या लगवर (वायरच्या टोकाची धातूची कडी) निळसर-पांढरी भुकटी जमली होती. बोट लावलं तर चटका बसला. 25 अँपिअर करंट, 0.6 व्होल्ट, म्हणजे 15 वॅट त्या एवढ्याशा जोडात जळत होते. मशीन बंद केलं, लग काढून गरम पाण्यानं धुतला, घासून कोरडा केला, कसून बसवला, वरून पेट्रोलियम जेली. बॅकअप परत. या कामाला भाऊला बोलावलं असतं तर त्यानं आधी नव्या बॅटरीचा भाव सांगितला असता, असं आपलं मला वाटतं.

दिवाळीनंतर उलटा खेळ. बटण फ्लॅटवरच राहिलं होतं. डिसेंबरात पहाटे जिन्याखाली 12 अंश, आणि थंडीत बॅटरीला जास्त व्होल्टेज लागतो. चार्जिंगचा दिवा हिरवा, पण हायड्रोमीटरमध्ये (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) 1.200. माझ्या बॅटरीवर पूर्ण चार्जचा आकडा 1.240 छापला आहे. बटण ट्युब्युलरवर केलं, चार दिवसांनी 1.235. (गाडीच्या बॅटरीचा आकडा याहून जास्त असतो, त्याच्याशी तुलना करून घाबरू नका. ट्युब्युलर पूर्ण भरून शांत बसली की 12.5च्या आसपासच दाखवते.)

पाचपैकी साडेतीन तारे. मशीन चांगलं, कूलर विनातक्रार उचलतं. दीड तारा कापला तो बटणाखालच्या अक्षरांसाठी: बारीक, काळ्यावर काळी, तीही मशीन भिंतीपासून ओढल्याशिवाय दिसत नाहीत. मी आता कॅलेंडरवर होळीच्या चौकटीत ‘फ्लॅट’ आणि दिवाळीच्या चौकटीत ‘ट्युब्युलर’ लिहून ठेवलंय. आई पाहुण्यांना सांगते की तो नवीन फ्लॅट बघून राहिला.