फुगलेल्या भक्षक पेशी: स्फटिक की गोशे?

बोन मॅरोच्या स्लाइडवर फुगलेल्या, धाग्याधाग्यांच्या मोठ्या भक्षक पेशी दिसल्या की आधी गोशे आजार आठवतो. पण काही वेळा तो असतो क्रिस्टल स्टोरिंग हिस्टिओसायटोसिस, म्हणजे भक्षक पेशींत स्फटिक साठण्याचा आजार, आणि हा फरक ओळखणं रुग्णासाठी फार मोलाचं आहे.

गोशे आनुवंशिक आहे. फिलिप गोशे यांनी 1882 मध्ये त्याचं वर्णन केलं. ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम कमी पडतं, मेद साठत जातो आणि पेशीचा आतला भाग चुरगळलेल्या पातळ कागदासारखा दिसतो.

दुसऱ्या आजारात साठतं ते प्रथिन. बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी एकाच साच्याची अँटिबॉडी भरमसाट बनवतात, बहुतेकदा कप्पा साखळीची (अँटिबॉडीच्या हलक्या साखळ्या दोन प्रकारच्या: कप्पा आणि लॅम्डा). भक्षक पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. आत तिचे स्फटिक होतात. नीट फोकस केलं की सुयांसारख्या टोकदार कडा दिसतात. अशा वेळी मागे मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) किंवा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) आहे का, हे शोधायलाच हवं.

नुसत्या नजरेवर मी विसंबणार नाही. गोशेसाठी रक्तातल्या एन्झाइमची तपासणी. स्फटिकांसाठी कप्पा-लॅम्डाचं स्टेनिंग आणि सीरम इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणारी तपासणी. शंका उरलीच तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप.

उपचारांच्या वाटाही वेगळ्या: गोशेत बाहेरून एन्झाइम देता येतं, स्फटिकांच्या आजारात मूळ प्लाझ्मा पेशींवरच औषध चालवावं लागतं. त्यात गोशेच्या रुग्णांना मायलोमाचा धोका जास्त असतो, म्हणून एन्झाइम कमी निघालं तरी इलेक्ट्रोफोरेसिस करावीच.