उद्यमबागेतील गॅरेज आणि फक्त डाव्या वळणावर मिस होणारी गाडी

बेळगावात तिसरे रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याने उद्यमबागेत शिरले की फाउंड्री आणि लेथच्या शेडांमागच्या एका गल्लीत दोन गाळ्यांचे गॅरेज आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण दारात गाड्यांची रांग लागली की कामाचा विचका होतो, असे तेथील मिस्त्रींनीच आम्हाला बजावले आहे. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या गाड्यावर विचारले की ते सापडते.

आमची गाडी कार्ब्युरेटरची (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्रणेची) मारुती ८०० आहे: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आतून मोकळी केलेली आणि रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, बसवलेली. खानापूर तालुक्यातील एका माळावर आम्ही चार मित्रांनी अंडाकृती मातीचा ट्रॅक आखला असून सुगी संपल्यापासून वळवापर्यंत आम्ही तेथे एका वेळी एकच गाडी घड्याळ लावून पळवतो. अमेरिकेतील ओव्हल शर्यतींप्रमाणे आम्हीही सतत डावीकडे वळतो. (तिकडच्या गाड्यांत चालक डावीकडे, म्हणजे वळणाच्या आतील बाजूला बसतो, आपल्याकडे तो उजवीकडे, म्हणजे बाहेरच्या अंगाला येतो आणि वजनाचा सगळा हिशेब उलटतो. बैलगाडा शर्यतीचे शौकीन असलेल्या आमच्या काकांना हा मुद्दा अजून पटलेला नाही.) यंदा चौथ्या-पाचव्या फेरीपासून वळणातून बाहेर पडताना इंजिन आचके देऊ लागले, म्हणजे गॅरेजच्या भाषेत मिस मारू लागले, आणि सरळ पट्ट्यावर आले की पुन्हा सुरळीत होऊ लागले.

या गॅरेजात येण्याआधी आम्ही शहरातील दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. तेथे प्लग, त्यांना ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल आणि पेट्रोल पंप बदलून ४,२०० रुपये घेतले. फरक न पडल्यावर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) कमी आहे, पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या आहेत, बोअर करावे, म्हणजे सिलिंडर आतून कातावे लागेल असे सांगून २४,००० रुपयांचा अंदाज दिला. गाडी उद्यमबागेत आली ती या अंदाजाचा कागद डॅशबोर्डवर घेऊनच.

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी दहा मिनिटे नुसते प्रश्न विचारले. ‘‘कितव्या फेरीला मिस मारतंय? टाकीत पेट्रोल किती होतं? वळण कुठल्या हाताला?’’ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून ते क्षणभर थांबले, पण तेव्हा काही बोलले नाहीत. मग त्यांनी इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला लावला आणि कॉम्प्रेशन मोजले. आकडे आले १५५, १५० आणि १५२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). हेच आकडे आधीच्या वर्कशॉपने कमी ठरवले होते. मिस्त्रींचे म्हणणे असे की बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, येथे हवाच विरळ आहे आणि किनाऱ्यावर जे इंजिन १७० दाखवेल तेच येथे साधारण १५५ दाखवणार; पाहायचे ते तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत की नाहीत. तरीही खात्रीसाठी त्यांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा एकदम उसळला असता. आमचे आकडे चार-पाचांनीच वाढले. इंजिनाची हवा ओढण्याची ताकद पाऱ्याच्या इंचांत दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटाही १६ इंचांवर स्थिर होता. प्रत्येक हजार फुटांमागे एक इंच कमी धरला तर या उंचीला तो निरोगीच म्हणायचा. अंदाजाचा कागद मिस्त्रींनी घडी घालून परत दिला.

पुढच्या रविवारी ते स्वतः माळावर आले. ‘‘एकदा उलटं फिरवून बघूया की,’’ एवढेच म्हणाले. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे सतत उजवीकडे वळत, आम्ही बारा फेऱ्या मारल्या आणि इंजिन एकदाही अडखळले नाही. नेहमीच्या दिशेने वळवल्यावर चौथ्या फेरीला आचका आला. कॉइल तापून दगा देत असती तर तिला डाव्या-उजव्याचा फरक कळला नसता. मग त्यांनी टाकी काठोकाठ भरायला लावली. तरी आचका कायम राहिला, म्हणजे पेट्रोल एका बाजूला जाऊन टाकीतील नळी उघडी पडते ही शंकाही गेली. शेवटी आचका येताच इग्निशन बंद करून, क्लच दाबून गाडी तशीच घरंगळत आणायला सांगितली आणि जागेवर प्लग काढले. तिन्ही प्लग खडूसारखे पांढरे होते, म्हणजे इंजिनाला त्या क्षणी पेट्रोल कमी पडत होते.

खरे कारण त्यांनी गॅरेजच्या ओट्यावर दाखवले, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेला भाग तोच आहे. आमच्या वळणाची त्रिज्या २० मीटर आणि तेथील वेग ताशी ३८ किलोमीटर धरला तर कार्ब्युरेटरमधील फ्लोटच्या वाटीतील (जिथे तरंगता फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो) पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे ३० अंशांनी कलतो. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडून वाटीत होते तेवढेच पेट्रोल राहू दिले, लाकडाची पाचर खाली सारून वाटी तेवढीच कलती केली आणि बॅटरीचा झोत आत टाकला. पेट्रोल एका भिंतीवर चढले आणि दुसऱ्या बाजूचे जेटचे, म्हणजे जिथून पेट्रोल इंजिनाकडे जाते ते पितळी भोक कोरडे, चकचकीत दिसू लागले. पाचर उलट्या बाजूने सारल्यावर तेच भोक पेट्रोलखाली बुडाले. गेल्या पावसाळ्यात कोणीतरी कार्ब्युरेटर साफ करताना फ्लोटची पातळी खाली बसवली होती. त्यात भर म्हणजे गाडीखालचा पेट्रोल फिल्टर आमच्या माळाच्या तांबड्या धुळीने अर्धा तुंबला होता (नवा पंप बसवणाऱ्यांनी तो पाहिलाच नव्हता), त्यामुळे वाटी रिकामी व्हायची त्या वेगाने भरत नव्हती आणि चार फेऱ्यांत पातळी जेटच्या खाली जात होती. फिल्टर बदलण्याआधी आणि नंतर पंपाची नळी बाटलीत सोडून अर्ध्या मिनिटात किती पेट्रोल येते तेही त्यांनी मोजले. ते जवळजवळ दुप्पट झाले. ऑइलच्या दाबाचा काटाही डाव्या वळणावर क्षणभर पडत असल्याचे त्यांनी माळावरच हेरले होते, म्हणून ऑइल एका बाजूला पळू नये यासाठी संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, एक आडवी पट्टी वेल्ड करून घ्यायला सांगितले. ते काम अजून बाकी आहे.

बिल असे झाले: निदानाचे १,५०० रुपये, कार्ब्युरेटर आणि फिल्टरच्या मजुरीचे १,२०० आणि सामानाचे ४५०, एकूण ३,१५०. निदानाचे पैसे वेगळे घेतात याबद्दल आमच्यापैकी एकाने कुरकुर केली, पण मला ती रीत रास्त वाटते. मोजण्याचे पैसे मिळतात म्हणूनच मिस्त्रींना उगाच इंजिन खोलण्याची गरज पडत नाही.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. सांगितलेला दिवस कधीच पाळला जात नाही; आमची गाडी तीन आठवडे उघड्यावर उभी होती. फोन उचलला जात नाही. लेखी अंदाज मिळत नाही आणि मोजलेले आकडे आम्ही मागितल्यावर हाताखालच्या पोराने ते गॅस्केटच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिले. सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे काम संपल्यावर एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप सैल राहिली होती. ती घरी आल्यावर आमच्या लक्षात आली. तशीच गाडी माळावर नेली असती तर तांबडी धूळ थेट सिलिंडरमध्ये गेली असती आणि रिंगांचा तो अंदाज खरा ठरला असता. मिस्त्रींना सांगितल्यावर त्यांनी पोराला झापले आणि नवी क्लिप फुकट दिली.

रोजच्या गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी येथे जाऊ नये, कारण तिकडे त्यांचे लक्षच नसते. मात्र कोणाला न सापडणारा बिघाड असेल तर सकाळी दहाच्या आत जावे, कितव्या मिनिटाला, कोणत्या गियरमध्ये, कोणत्या वळणावर काय होते ते लिहून न्यावे आणि निघण्यापूर्वी सगळ्या क्लिपा स्वतः दाबून पाहाव्यात.