पिल्लाच्या भांड्यात काय घालावं: रॉ, ड्राय फूड की घरचं शिजवलेलं?

पिल्लू घरी येऊन महिना होत नाही तोच कुणीतरी सांगतं, "ते पाकिटातलं कोरडं काय घालतोस? कुत्रा म्हणजे लांडगाच. कच्चं मांस सुरू कर, मग बघ." मग यादी येते: अंगावर चमक, शी कमी, वास कमी, दात पांढरेशुभ्र. इकडे डॉक्टरांकडे रॉचा, म्हणजे कच्च्या मांसाच्या जेवणाचा, नुसता विषय काढला तरी त्यांचा चेहरा बदलतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने तर २०१२ मध्ये धोरण म्हणूनच जाहीर केलं की कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस देऊ नये. चार-पाच महिन्यांच्या त्या जिवाला दोन्ही चालतं. त्याला चप्पलही चालते.

आधी माझी बाजू सांगून टाकते. माझी मोठी कुत्री काही वर्षं रॉवर आहे आणि छान आहे. तरी पिल्लू आणलं तेव्हा मी त्याला रॉ दिलं नाही. का, ते खाली येईलच.

तुलना नेमकी कशाची?

"रॉ" या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे कंपनीचं गोठवलेलं तयार रॉ, ज्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून घातलेली असतात. दुसरं म्हणजे घरी रचलेलं: मांस आणा, हाडं आणा, कलेजी आणा, वजन करा, डबे भरा. घरच्या रॉमध्येही दोन पंथ आहेत. बार्फवाले मांस आणि हाडांबरोबर थोडी भाजी, फळ, अंडंही घालतात. ही पद्धत १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका पशुवैद्यामुळे लोकप्रिय झाली. 'प्रे मॉडेल'वाले ८०:१०:१० चं गणित धरतात, म्हणजे ८० टक्के मांस, १० टक्के हाड आणि १० टक्के अवयव, त्यातली निम्मी कलेजी.

समोर ड्राय फूड आहेच, आणि बाजूला बिचारं घरचं शिजवलेलं, ज्याला दोन्ही पक्ष विचारात घेत नाहीत. म्हणजे पर्याय चार आहेत. माझ्या मते पिल्लाच्या बाबतीत खरी रेषा कच्चं आणि शिजवलेलं यांच्यामध्ये नाही. ती वाढीसाठी मोजून केलेलं आणि अंदाजाने केलेलं यांच्यामध्ये आहे.

कॅल्शियम: इथेच बहुतेकांचं चुकतं

मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळजवळ नसतंच. नुसत्या मांसात या दोघांचं प्रमाण साधारण १ ला १५ ते २० असं पडतं. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून जास्त, फार तर दुप्पट लागतं. नुसता कच्चा खिमा घालत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून काढते. पिल्लू वरून गुटगुटीत दिसतं, भूक झकास असते, आणि आतून हाडं पातळ होत जातात. मग लंगडणं, पाय वाकणं, आणि एखाद्या दिवशी सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीत मोडलेलं हाड.

"मग हाडं जास्त घालू" हा त्यावरचा सोपा उपाय वाटतो, आणि तिथे दुसरा खड्डा आहे. वाढ पूर्ण झालेला कुत्रा नको असलेलं कॅल्शियम आतड्यातून बरंचसं तसंच सोडून देतो. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हे नीट जमत नाही. पोटात जितकं जाईल त्यातलं बरंच ते शोषून घेतं. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांमध्ये या जादा कॅल्शियममुळे हाडांची आणि सांध्यांच्या कूर्चेची वाढच बिघडते. अमेरिकेतली ॲफको ही संस्था पशुखाद्याची मानकं ठरवते. तिच्या हिशोबाने पिल्लाच्या अन्नात, पाणी वगळून, किमान १.२ टक्के कॅल्शियम हवं. मोठेपणी ३२ किलोच्या आसपास किंवा वर जाणाऱ्या पिल्लांसाठी वरची मर्यादा १.८ टक्के आहे, बाकीच्यांसाठी २.५. म्हणजे मोठ्या जातीच्या पिल्लासाठी खिडकी अगदी अरुंद.

घरी ८०:१०:१० रचताना ती खिडकी कशी गाठणार? कोंबडीच्या मानेत हाड किती, पंखात किती, पायात किती, हे सगळं वेगवेगळं असतं. आज मान मिळाली, उद्या पंख मिळाले, की दहा टक्क्यांचे पंधरा कधी झाले कळत नाही. वाढ झालेल्या कुत्र्याचं शरीर हे चालवून घेतं. पिल्लाचं नाही घेत. मी पिल्लाला रॉ दिलं नाही ते एवढ्याचसाठी.

हाडांपुरतीच ही गोष्ट नाही. जस्त, आयोडीन, मँगनीज, ड आणि ई जीवनसत्त्व यांचाही घरच्या डब्यात सहज तुटवडा पडतो, आणि कलेजी सढळ हाताने घातली तर अ जीवनसत्त्व जास्त होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक आवश्यक घटक कमी पडत होता. त्या पाककृती वाढ झालेल्या कुत्र्यांसाठी होत्या. पिल्लाच्या गरजा त्याहून कडक.

घरच्या शिजवलेल्या जेवणालाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे. शिजवल्याने जंतू मरतात, कमतरता भरून निघत नाही. उलट शिजलेलं हाड द्यायचंच नसतं, ते टोकदार तुटतं, त्यामुळे कॅल्शियम वेगळं मोजून घालावं लागतं. पशु-आहारतज्ज्ञाने तुमच्या पिल्लाचं वय आणि मोठेपणीचं अपेक्षित वजन धरून पाककृती लिहून दिली, आणि तुम्ही ती ग्रॅमवर पाळली, तर हा पर्याय उत्तम. "आज हे नव्हतं म्हणून ते घातलं" सुरू झालं की संपलं.

जंतू: प्रश्न कुत्र्यापेक्षा घराचा

रॉवाल्यांचा ठरलेला प्रतिवाद असतो की कुत्र्याच्या पोटात ॲसिड जोरदार असतं, त्याला काही होत नाही. अर्धं खरं आहे. बऱ्याच निरोगी कुत्र्यांना साल्मोनेलाने, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जिवाणूने, खरंच काही होत नाही. पण तो कुत्र्याच्या शीतून बाहेर पडत राहतो. एका कॅनेडियन प्रयोगात साल्मोनेला असलेलं रॉ जेवण १६ कुत्र्यांना दिलं. त्यातल्या ७ जणांच्या शीत पुढच्या काही दिवसांत तो सापडला, आणि आजारी कुणीच दिसत नव्हतं. पिल्लू स्वतःचं बूड चाटतं, मग तुमच्या मुलाचं तोंड चाटतं. बाकी सांगायला नको.

दूषित माल क्वचितच मिळतो असंही नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०१० ते २०१२ दरम्यान १९६ रॉ नमुने तपासले: १५ मध्ये साल्मोनेला, ३२ मध्ये लिस्टेरिया हा दुसरा जिवाणू. नेदरलँड्समध्ये २०१८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ३५ गोठवलेल्या रॉ उत्पादनांपैकी १९ मध्ये लिस्टेरिया आणि ७ मध्ये साल्मोनेला निघाला. ही बाजारातली तयार पाकिटं होती, घरचे डबे नव्हेत. फ्रीजरमध्ये बरेचसे परजीवी मरतात, जिवाणू मात्र झोपी जातात आणि वितळल्यावर उठतात. फ्रीझ-ड्राय, म्हणजे गोठवून सुकवलेल्याचंही तेच. काही कंपन्या प्रचंड दाबाखाली प्रक्रिया करतात, तिथे जिवाणू बरेच कमी होतात. घ्यायचंच तर असं घ्या.

कुत्र्यालाही कधी फटका बसतो. मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात, मागच्या पायांपासून सुरू होणाऱ्या एका प्रकारच्या लकव्याचा कच्च्या कोंबडीशी आणि तिच्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूशी संबंध दिसला. असं क्वचित होतं, पण कोंबडीची मान "अगदी सुरक्षित" म्हणून हातात देणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं. कच्चं डुक्कर तर नकोच. त्यातून येणारा औयेस्कीचा विषाणू कुत्र्याचा जीवच घेतो.

घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा केमोथेरपी घेणारं कुणी असेल तर माझ्या मते चर्चा इथेच थांबते. मांजर असेल तरी जपा; २०२४ च्या शेवटी अमेरिकेत रॉ खाद्यातून मांजरांना बर्ड फ्लू झाल्याची प्रकरणं समोर आली.

चमक, शी, दात

शी कमी आणि घट्ट होते, हे खरं. मांस जास्त पचतं, मागे कमी उरतं. बऱ्याच कुत्र्यांना रॉ चवीलाही जास्त आवडतं. अंगावरची चमक बहुतेक वेळा वाढलेल्या चरबीमुळे येते; ती ड्राय फूडवर मोजकं माशाचं तेल घालूनही मिळते. दातांवरचा पिवळा थर हाडं चावून कमी होतो, पण हिरड्यांच्या आत काय चाललंय ते त्यावरून कळत नाही, आणि कडक हाडावर वरची मोठी दाढ तडकण्याचा धोका असतोच.

लांडग्याचं म्हणाल तर २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यांत दोन प्रती आढळल्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर काढलेल्या हजारो वर्षांचा हा हिशोब आहे.

ड्राय फूडही धुतल्या तांदळासारखं नाही

२००७ मध्ये मेलामाइन या रसायनाची भेसळ निघाली आणि कितीतरी कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं गेली. २०१८-१९ मध्ये ड जीवनसत्त्व जास्त पडल्याने बऱ्याच ब्रँडची पाकिटं परत मागवावी लागली. साल्मोनेला ड्राय फूडमध्येही सापडलेला आहे: दाणा शिजतो चांगला शंभर अंशांच्या वर, पण चरबी आणि चव त्यावर नंतर फवारतात. शिवाय मोठं पोतं उघडून महिनोन् महिने ठेवलं की ती चरबी खवट होते.

सोय मात्र निर्विवाद आहे. प्रवास, वीज जाणं, शेजाऱ्याकडे दोन दिवस ठेवणं, कशानेच अडत नाही. तयार रॉला फ्रीजरमध्ये हक्काची जागा लागते, आदल्या रात्री खाली उतरवण्याची आठवण लागते, आणि पिल्लू मोठ्या जातीचं असेल तर खर्च दर महिन्याला डोळ्यांत भरतो.

लेबल समोर ठेवून

दोन पाकिटांची थेट तुलना करू नका, कारण रॉमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि ड्राय फूडमध्ये १०. आधी पाणी वजा करा. रॉवर प्रोटीन १५ टक्के लिहिलंय? १५ भागिले ३०, म्हणजे खरं ५० टक्के. ड्रायवरचे २७ टक्के खरे ३० होतात. आता हेच कॅल्शियमला लावा. रॉच्या पाकिटावर ०.६ टक्के वाचून वाटतं किती कमी. पाणी काढलं की ते २ टक्के निघतं, आणि मोठ्या जातीच्या पिल्लासाठी मर्यादा ओलांडलेली असते.

मग शब्द बघा. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आणि पुढे 'ग्रोथ' किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस' हवं. मोठ्या जातीसाठी तसा वेगळा उल्लेखही हवा. 'मेंटेनन्स' असेल तर ते वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांचं. 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर ते वरून घालायचं, पोटभर द्यायचं नव्हे. रॉच्या कितीतरी पाकिटांवर हा शेवटचा शब्द बारीक अक्षरात असतो.

प्रमाणाचंही तसंच. पाच महिन्यांच्या, १० किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण ७८० कॅलरी लागतात. १०० ग्रॅमला ३७० कॅलरी असलेलं ड्राय फूड धरलं तर २१० ग्रॅम. १६० कॅलरीचं रॉ धरलं तर ४९० ग्रॅम. वाटीने मोजणारे इथे फसतात.

मग कुणी काय करावं?

मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर वाढ पूर्ण होईपर्यंत त्या जातींसाठीचं ड्राय फूड. ग्रेट डेनसारख्या अतिमोठ्या जातींत याला दीड-दोन वर्षंही लागतात. रॉ पळून जात नाही. लहान जातीचं पिल्लू, घरात सगळी धडधाकट माणसं, आणि वाढीसाठी पूर्ण असं दाबप्रक्रिया केलेलं तयार रॉ मिळतंय, तर हरकत घेण्यासारखं मला फार काही दिसत नाही. घरी रचलेलं रॉ मात्र कुठल्याच पिल्लाला नको, मग शिकवणारा कितीही अनुभवी असो. डॉक्टरांना "रॉ चालेल का?" असं मोघम विचारू नका, मोघमच उत्तर मिळेल. पाकिटाचं लेबल आणि मोठेपणीचं अपेक्षित वजन पुढ्यात ठेवून विचारा.

बदलायचं ठरलंच तर पिल्लू नुकतंच घरी आलंय, लस झालीय किंवा जंताचं औषध दिलंय, असा आठवडा टाळा. सात ते दहा दिवस घ्या: आधी पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. सुरुवात एकाच प्रकारच्या, कमी चरबीच्या मांसाने करा. रॉ फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवा, ओट्यावर नाही. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर भांडं उचला, गरम पाण्याने आणि साबणाने घासा, आणि ते आपल्या भांड्यांत मिसळू नका.

पहिले दोन दिवस शी थोडी सैल झाली तर घाबरू नका. पण रक्त दिसलं, उलट्या झाल्या किंवा पिल्लू गळून पडलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शी पांढरी, खडूसारखी भुगा होणारी आली तर हाड जास्त होतंय. आणि दर आठवड्याला वजन करा, बरगड्यांवरून हात फिरवा: बोटांना बरगड्या सहज लागायला हव्यात, डोळ्यांना मोजता येऊ नयेत.